पाळीची वाट

"भाभींचा यंदा एकबी रोजा सुटला न्हाई," ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या वाट्या भरता भरता अंजुमनं आपल्या थोरल्या जावेची, हसीनाची, साऱ्यांदेखत तारीफ केली. शेवगावच्या त्या गल्लीतल्या बायका गालातल्या गालात हसल्या. सगळे रोजे धरले याचा अर्थ बाईमाणसाला सांगावा लागत नाही. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो. सुटलेले मागाहून भरून काढायचे. हसीनाच्या मागे ही भरपाई अकराव्या वर्षापासून लागलेली. बावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदाच चुकली होती. सुटलीस बाई एकदाची, असं कुणीसं म्हणालं आणि हसीनाही हसली. पण ते हसणं तोंडदेखलं होतं. तिला पाळी हवी होती.

त्याचं असं झालं होतं. पोरवयापासून पाळी जवळ आली की तिची छाती भरून यायची, ठणकायची, हाताला गाठी लागायच्या. पाळी आली की दोन दिवसांत सगळं उतरायचं. तिच्या आईचं तसंच, मावशीचंही तसंच. त्यात घाबरण्यासारखं काय? दिवाळीच्या बाजारात बांगड्यांची पाटी उचलताना डावीकडं गाठ लागली, तेव्हा तिनं मनाशी म्हटलं, येईल पाळी आणि जाईल ही. वय झालेलं, पाळी पुढंमागं व्हायचीच. एक महिना गेला, दुसरा गेला. गाठ दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीच्या मागं कोण लागतं? पाळी यावी म्हणून तिनं तीळगूळ खाल्ला, कच्ची पपई खाल्ली, शेपाचा काढा घेतला. रमजानात नमाज झाली की दुवा मागायची तीही पाळीचीच. असलं मागायची तिची तिलाच लाज वाटे, पण मागे.

ईदनंतर आठवड्यानं पाळी आली. हसीनाला आनंदानं रडूच फुटलं. त्या दिवशी तिनं मटण केलं आणि अठरा वर्षांच्या मेहरीनला, आपल्या एकुलत्या लेकीला, उगाचच जवळ घेतलं. पाळी संपली. न्हाणीत तिनं छातीला हात लावून पाहिलं. गाठ जिथल्या तिथं होती, जरा मोठीच लागली. तेव्हा कुठं तिनं लेकीला सांगितलं.

नगरच्या डॉक्टरीणबाई मायाळू होत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी विचारलं, पहिली पाळी कधी आली, मूल कितव्या वर्षी झालं. अकराव्या वर्षी, हसीना म्हणाली. लग्नानंतर चौदा वर्षं कूस उजवली नव्हती, मेहरीन झाली ती चौतिसाव्या वर्षी. बाईंनी समजावलं, पाळी लवकर सुरू झाली, उशिरापर्यंत राहिली, मूल उशिरा झालं, की पाळीची संप्रेरकं शरीरावर जास्त वर्षं काम करतात. त्यानं या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, एवढंच. यात तुमची चूक नाही. पण ही गाठ आता हाडांपर्यंत पोचली आहे. तिला त्याच संप्रेरकांचं खतपाणी मिळतंय, म्हणून पाळी बंद करायचं इंजेक्शन द्यावं लागेल.

"मग जाईल गाठ?" हसीनानं विचारलं.

"जाणार नाही, ताई. जमेल तेवढे दिवस थोपवून धरू."

हसीनाला स्वतःचाच संताप आला. जे पदर पसरून मागितलं, तेच आता सुई टोचून बंद करायचं. अल्लानं ऐकलं नाही असंही म्हणता येईना. ऐकलं होतं की.

परतीच्या एसटीत मेहरीन आईला खेटून बसली होती. मेहरीनला पाळी आली ती पाचवीत, आईपेक्षाही लहान वयात. छाती ठणकते म्हणून पोर रडायची, तेव्हा तिला शेक देत हसीनाच सांगायची, पाळी आली की उतरतं बेटा. आईनं तिला सांगितलेलं तिनं लेकीला दिलं होतं.

"मेहरीन, गाठ लागली तर पाळीची वाट बघत बसायचं न्हाई," ती म्हणाली. "मला सांगायचं. मी नसले तर अंजुमचाचीला सांग."

"व्हय, अम्मी."

ओढणी सावरायच्या निमित्तानं मेहरीनचा हात छातीशी गेला आणि तिथंच राहिला. हसीनानं ते पाहिलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.