ओटीतलं पिवळं रोप

कळसच्या माळावर त्या मंगळवारी दोन-तीनशे माणसं उन्हात बसली होती, आणि जवळजवळ प्रत्येक रांगेत पिवळ्या डोळ्यांचं एक तरी माणूस होतं. सगळे कावीळ उतरवायला आले होते. प्रत्येक आजाऱ्याच्या मांडीवर मातीचं कुंडं, आणि कुंड्यात बोटभर उंचीचे गव्हाचे कोंब. तेही पिवळेधमक.

"रोप म्हंजी तुमचंच रूप!" रामहरी महाराज मांडवाच्या सावलीतून माइकवर गर्जत होता. "रोप हिरवं झालं की दुखणं पळालं. आन ध्यानात ठिवा, दवाखान्याची सुई लागली की रोप जळतंय!"

तिसऱ्या रांगेत माझी भावजय स्वरूपा बसली होती. तिला सातवा महिना होता. शेजारी माझी आई, भामाबाई, तिच्या डोक्यावर पदराची सावली धरून. माझा भाऊ दीपक काटेवाडीला उसाच्या रोपांची नर्सरी चालवतो. त्यानंच फोन केला होता, "आक्का, आई माझं ऐकत न्हाय. तू ये." मी बारामतीला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मोठी बहीण, त्यात शिकवणारी बाई. आपलं ऐकलं जाईल असं मलाही वाटलं.

"कसं वाटतंय गं?" मी स्वरूपाला विचारलं.

"नुसती झोप येती, वन्सं."

"आई, ऊठ. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ. गरोदरपणातली कावीळ फार वाईट."

"रोप हिरवं होऊ दे, मग ने कुठं न्यायची ती. मधनंच उठलं तर उलटतंय म्हणत्यात."

त्या कुंड्यांचं कोडं मला बघताक्षणीच उलगडलं होतं. मांडवामागं पत्र्याची बंद खोली होती. महाराजाची माणसं तिथूनच झाकलेली कुंडी आणत होती. पण शेकडो लोकांसमोर आईशी भांडायला माझी जीभ उचलेना. एका दुपारनं काय बिघडतंय, असं म्हणून मी खाली बसले. ती माझी चूक. ती मी आजही कुणावर ढकलत नाही.

बाराच्या सुमाराला कोंबांचे शेंडे पोपटी झाले. तीनपर्यंत सगळं कुंडं हिरवं. माळावर हुंदके, टाळ्या, जयजयकार. आईनं महाराजाच्या पायावर डोकं ठेवलं आणि मला म्हणाली, "बघितलंस? आता कशाला दवाखाना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपानं दीपकला ओळखलं नाही.

आम्ही तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "काल आणली असती तर..." नऊ दिवसांनी स्वरूपा वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

 एकदा जेवताना आई हात थांबवून म्हणाली, "पर रोप हिरवं झालतं गं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." ती स्वतःचा बचाव करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

मी तिला नर्सरीत नेलं. तिथं ठमाबाई कामाला आहेत. त्यांनी एकावर एक रचलेल्या ट्रेंवरचा काळा कागद उचलला. आत उसाचे कोंब, फिकट पिवळे.

"आमच्यात रोजचंच हाय की हे," ठमाबाई म्हणाल्या. "कागदाखाली पिवळं, उनात मांडलं की सांजपातूर हिरवं. मांडीवर घ्यायला कुणी लागत न्हाय."

मग मी आईला सांगितलं, वर्गात सांगते त्याहून सोपं करून. पानात प्रकाश पकडणारी प्रथिनं असतात, हिरवा रंग त्यांना धरून राहतो. ती कशी बनवायची याची माहिती रोपाच्या जनुकांत असते. पण अंधारात ती जनुकं जवळजवळ बंद असतात. घरात जेवायला कुणी नसताना चूल कोण पेटवतं? ऊन पडलं की रोपातलंच एक प्रकाश ओळखणारं प्रथिन आत निरोप धाडतं, जनुकं चालू होतात, प्रथिनं बनतात, हिरवा रंग तयार होतो. काही तासांचं काम.

"म्हंजी पोरगी बसली नसती, तरी हिरवं झालं असतं?"

"झालं असतं."

आई तिथंच मातीत बसली. मग म्हणाली, "मंगळवारी मला कळसला ने."

या खेपेला आईनं महाराजाच्या माणसांकडून दोन कुंडी घेतली. एक समोरच्या मोठ्या दगडावर ठेवलं. दुसरं मांडीवर घेतलं आणि त्यावर घमेलं पालथं घातलं. महाराजाचा माणूस धावत आला.

"ए म्हातारे, दगडावर काय ठिवतीस?"

"त्याला कावीळ झालीया. बघू बरा हुतोय का."

आजूबाजूची माणसं हसली. महाराजानं माइकवरून बजावलं, "जिच्या मनात किंतु, तिचं रोप हिरवं व्हायचं न्हाय!"

तीन वाजता दगडावरचं रोप हिरवंगार होतं. आईनं घमेलं उचललं, मांडीवरचं पिवळंच. माळावर कुजबुज सुरू झाली.

महाराज दोन्ही हात वर करून ओरडला, "दगडातबी देव हाय!" आणि खरं सांगते, काही लोकांनी दगडाला हात जोडले.

"देव असंल," आई उभी राहून म्हणाली. "पर कावीळ न्हवती. माझी सून हितं बसली हुती, बायांनो. तिचं रोप हिरवं झालं, आन माझी नात गेली. मीच आणली हुती तिला."

पिंपळीचे रसूलभाई काविळीनं आजारी असलेल्या आपल्या लेकीला, झोयाला, घेऊन मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी मांडीवरचं कुंडं बाजूला सारलं, पोरीला खांद्यावर घेतलं आणि मला विचारलं, "बाई, दवाखान्यात न्यायला गाडी हाय का तुमची?"

त्यांच्यामागून आणखी सात-आठ जण उठले. बाकीचे बसूनच राहिले. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. पण पुढच्या मंगळवारीही माळावर माणसं होती, असं ऐकते.

माझ्या आईच्या डोळ्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. रोप हिरवं झालंच होतं. ते कशानं झालं, एवढंच कुणी विचारलं नाही; आणि मला माहीत असून मी सांगितलं नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर तीच गोष्ट आजाऱ्याला बाजूला ठेवून करून बघा. आणि घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर बघत बसू नका, वादही घालू नका. आधी दवाखाना गाठा.