एका शिदोरीच्या अंतरावर

सकाळी आठाच्या ठोक्याला उकंडरावांनी दोन भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधला, पायांत जोडे घातले आणि ओट्यावर येऊन बसले. शेजारचा गोविंदा बैल घेऊन मळ्याकडे निघाला होता.

“कुठी चालले, भाऊ?”

“लंडनले.”

“बसल्या बसल्या?”

“इमानात काय पायी जातात काय रे?”

“अन् मुंबईपरेंत?”

“तिथपरेंत आपलाच मुलूख हाय. मुंबईहून मोजाचं.”

दारामागे वच्छला हसू दाबून उभी होती. नागपूरला एम.एस्सी. झाल्यावर लंडनच्या एका विद्यापीठात तिला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. अडलं होतं ते बाबांच्या होकारावर. घरची रीतच तशी होती. सकाळी निघालेल्या बापाला शिदोरी संपायच्या आत लेकीचं दार दिसलं पाहिजे. त्यापलीकडे लेक धाडायची नाही. थोरली गंगू म्हणूनच रिसोडला दिलेली. वच्छलानं शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर काढलं: सुमारे बहात्तरशे किलोमीटर, विमानानं दहा तास.

“मी बसूनच पायतो,” बाबा म्हणाले होते.

उन्हं चढल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “इमानात मोरी असते का वं?”

“असते, बाबा.”

ते जाऊन आले आणि पुन्हा जागेवर बसले. दुपारी त्यांनी फडकं सोडलं.

“आता कुठी आलो?”

“इराणवर.”

“बरं हाय,” म्हणत त्यांनी इराणवर एक भाकर खाल्ली. गावातली दोन-चार माणसं थांबली, खाली काय दिसतं म्हणून चौकशी करून गेली.

चार वाजता फडक्यात चतकोर उरला होता. भागिरथाबाईंनी लेकीला कोपरानं ढोसलं.

“सांग ना, पोचलं म्हनून. त्याइले काय समजते?”

त्याच वेळी बाहेरून आवाज आला, “पोचलो का वं?”

वच्छलानं घड्याळ पाहिलं. आईकडे पाहिलं नाही.

“नाई, बाबा. अजून दोन घंटे हायेत.”

उकंडरावांनी तोंडाशी नेलेला चतकोर खाली घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत फडक्यात ठेवला. उन्ह ओट्यावर आलं तरी ते जागचे हलले नाहीत.

सहा वाजता ते उठले, जोडे झटकले. दार उघडंच होतं, तरी उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी कडी वाजवली.

वच्छला क्षणभर गोंधळली. मग धावत आत गेली, तांब्या भरून आणला आणि पाहुण्याच्या पायांवर ओतावं तसं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं.

“लय दूर रायते वं तू,” उकंडराव म्हणाले. त्यांनी फडकं सोडून उरलेला चतकोर तिच्या ओल्या हातावर ठेवला. “घे. तुह्यासाठी आनला.”