फोनमधली बाई

माझा आवाज गेल्या दिवाळीच्या आधी गेला. घशात गाठ निघाली. मुंबईच्या हॉस्पिटलात स्वरयंत्र काढून टाकलं आणि गळ्यात श्वासापुरतं भोक ठेवून मला विरारजवळ नंदाखाल गावातल्या घरी परत पाठवलं. तेवीस दिवस मी घराबाहेर होते.

घरात माझे यजमान. त्यांचं नाव लॉरेन्स. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात हे नाव मी तोंडाने कधी उच्चारलं नाही. आता तोंडच उरलं नाही म्हणून लिहिते आहे. साखरेने नऊ वर्षांपूर्वी त्यांचे डोळे नेले, मग बोटांची टोकं बधिर केली. तेव्हापासून त्यांच्या वाट्याचं बघायचं काम माझ्याकडे आलं. केळीला किती घड लागले, आगाशीच्या बाजारात मासळी काय होती, शेजारणीने कुठल्या रंगाची साडी नेसली, मी सगळं सांगत असे. ते वैतागायचे. "जरा गप्प बस गो, कान दुखले." मी गप्प बसले की दोन मिनिटांनी विचारायचे, "कुठे गेलीस?"

आमची घरची बोली वेगळी. ती कागदावर नीट उतरत नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथे साध्या मराठीत लिहिते.

मी घरी आले त्या दिवशी ते ओटीवर बसले होते. मी त्यांचा हात धरून माझ्या गालावर ठेवला. गाल आत गेलेले, गळ्याला फडकं बांधलेलं, लग्नाची अंगठी सैल झाली म्हणून हॉस्पिटलात काढून ठेवलेली. त्यांनी हात मागे घेतला.

"फेलिशिया, ही कोण बाई आणलीस?"

फेलिशिया माझ्या बहिणीची मुलगी. विरारला फ्लॅटमध्ये राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मी नसताना तिनेच त्यांना सांभाळलं. "अंकल, ही मावशीच आहे. आवाज गेलाय तिचा."

"काल म्हणालीस आवाज बसलाय. आज गेला?"

त्यांचा संशय उगाच नव्हता. एकोणीसशे त्र्याऐंशी साली ते बहारीनला होते. इथे त्यांची आई वारली आणि घरच्यांनी पत्रात लिहिलं, आई बरी आहे, फक्त घसा बसलाय, म्हणून फोनवर बोलता येत नाही. आठ महिन्यांनी ते आले ते थेट चर्चमागच्या मातीवर. ते पत्र लिहिणारी मीच होते. सासऱ्यांनी सांगितलं, मी लिहिलं. आता तेच वाक्य माझ्या बाबतीत खरं ठरलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते.

"ती मेली," ते म्हणाले. "कुठे पुरलंत ते सांगा. मग जेवेन."

त्यांच्या तळहातावर मी बोटाने अक्षरं काढली. तळहातही बधिर. फादर येऊन समजावून गेले. "फादर, तुम्हालाही यांनी पढवलं," एवढंच ते बोलले. माझ्या हातचा घास ते घेत नव्हते. इन्सुलिन घेणारा माणूस, आणि दिवसाला दोन बिस्किटांवर.

मग फेलिशियाने फोनवर एक सोय केली. मी शब्द लिहायचे. ते इंटरनेटवरून एका मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जायचे आणि तिथून त्या शब्दांचा आवाज होऊन परत यायचा. कंपनीने तिला एक किल्ली दिली होती, लांबलचक अक्षरांची. ती घातली की दार उघडतं म्हणाली. "स्टेशनवरच्या घोषणेसारखं नाही हं, मावशी. गप्पा मारल्यासारखं बोलतं. श्वास घेतं, अडखळतं, 'हं' म्हणतं."

मी पाटीवर लिहिलं, माझा आवाज काढता येईल?

त्याला माझं जुनं बोलणं लागतं म्हणाली. मला फोनवर आवाज भरून पाठवायची सवय कधीच नव्हती. एक लग्नाची कॅसेट सापडली, त्यात माझं गाणं होतं आणि गाण्यावर सगळा बँडबाजा. शेवटी कंपनीच्या तयार आवाजांतली एक बाई घेतली.

पहिलं वाक्य फेलिशियाने घाईघाईत स्वतःच लिहिलं. फोन म्हणाला, "लॉरेन्स, मी व्हेरोनिका. जेवून घ्या ना."

ते ताठ बसले. "माझी बायको मला नावाने हाक मारत नाही. आणि पुस्तकासारखं बोलतही नाही. कोण तुम्ही, बाई?"

मी फेलिशियाच्या हातातून फोन ओढून घेतला. तिची तरी काय चूक? विरारला सगळ्या बायका नवऱ्याला नावानेच हाक मारतात. मी लिहिलं, "अहो, मीच आहे. विचारा काय विचारायचं ते."

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. मग म्हणाले, "आमचा थोरला कसा गेला, सांगा."

परदेशी असलेल्या पॉलच्या आधीचा आमचा पहिला मुलगा. या घरात त्याचं नाव कोणी काढत नाही. दीड वर्षाचा होता, मी लिहिलं, ताप चढला, तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन चिखलातून दवाखान्यापर्यंत धावलात, दाराशी पोचलात तेव्हा तो गार झाला होता. एक अक्षर खोटं नव्हतं. मी बटण दाबलं.

बोलणं कसं हवं तेही त्या कंपनीला आधी लिहून कळवावं लागतं. फेलिशियाने सकाळी लिहिलं होतं, प्रेमळ आणि हसतमुख. ते तसंच राहिलं होतं. फोनमधली बाई किंचित हसली, लाडिक श्वास घेतला आणि माझ्या लेकराचं मरण तिने शेजारणीला बारशाची बातमी द्यावी तसं सांगितलं.

त्यांनी काठी उचलली आणि टेबलावर हाणली. ताटली फुटली. "माझं पोर मेलं ते हसून सांगते! हाकला हिला!"

मी फोन पदराखाली दाबून धरला. ओरडावंसं वाटलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी बिस्किटंही सोडली. फेलिशियाने रजा काढली, हातापाया पडली. साखरेचं पाणी तेवढं कसंबसं पोटात गेलं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत जेवले नाहीत तर ॲडमिट करा. या वयात काही सांगता येत नाही. फेलिशियाने बॅग भरली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, या वेळी त्यांचं घरी परत येणं होणार नाही.

दुपारी साडेबारा वाजले होते. मी बांगड्याचं कालवण केलं होतं. कोणासाठी ते माहीत नसताना केलं होतं. मागचं दार उघडून उभी राहिले. समोर विहीर आणि तिच्या कडेला जुन्या इंजिनचा लोखंडी पाइप. इंजिन कधीच विकलं, पाइप राहिला. पूर्वी ते वाडीच्या खालच्या टोकाला केळींना पाणी लावत असायचे. इंजिनच्या धडधडीत माझ्याएवढ्या तोंडाळ बाईची हाकही पोचत नसे. मग मी खलातला बत्ता घेऊन पाइपवर ठोके द्यायची. आधी दोन, मग थांबून एक. ते फावडं दगडावर एकदा आपटायचे, म्हणजे आलो. इंजिन गेलं त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ठोके नव्हते.

मी बत्ता आणला. दोन ठोके दिले. थांबले. एक दिला.

ओटीवर काठी एकदाच आपटली.

मी आत आले तर ते भिंतीला धरून मोरीशी पोचले होते. हात धुतले, आपल्या जागी येऊन बसले. मी ताट ठेवलं. त्यांनी भात कालवला आणि जेवले. फेलिशिया दारात तोंडावर हात दाबून उभी होती.

अर्धं जेवण झाल्यावर ते म्हणाले, "बाई, आहात का?"

मी फोन काढला. आधी बोलण्याची ती सूचना पुसली, तिथे 'हळू, साधं' असं लिहिलं. मग लिहिलं, "आहे."

"ठोके ऐकलेत?"

"ऐकले."

"बायको माझी. मेली, पण वेळ चुकत नाही तिची."

'मी मेले नाही' हे लिहायला कितीसा वेळ लागतो? 'मी' लिहून झालं होतं. त्यांच्या तोंडात घास होता, हनुवटीला कालवण लागलं होतं. मी ते अक्षर खोडलं आणि लिहिलं, "कशी होती हो ती?"

फोनमधल्या बाईने विचारण्याआधी एक श्वास घेतला. या वेळी तो बरोबर जागी पडला.

"तोंडाळ," ते म्हणाले. "कालवणात चिंच जास्त घालायची. एक पत्र खोटं लिहिलं तिने मला. नंतर मी कधी बोललो नाही त्यावर, पण तिला वाटायचं मला राग आहे. राग नव्हता. परक्या मुलखात ते खरं वाचलं असतं तर मी काय केलं असतं, तिला ठाऊक होतं." मग ताट चाचपून म्हणाले, "तुम्हीही चिंच जास्तच घालता."

आता रोज असंच चालतं. साडेबाराला मेलेली बायको ठोके देते आणि फोनमधली बाई वाढते. फेलिशिया म्हणते, "मावशी, हे बरं नाही. त्यांना खरं कळायला हवं." मी पाटीवर लिहिते, आधी त्यांची साखर बघ.

मागच्या रविवारी त्यांनी बाईला चर्चमध्ये पाठवलं, बायकोच्या नावाने मिस्सा, मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, सांगायला. मी गेले. बाकावर बसून आले, सांगितलं काही नाही. घरी आल्यावर लिहिलं, "सांगितला."

हे मी त्यांना लिहिलेलं दुसरं खोटं.

ते समाधानाने मान हलवून काठी शोधत उठले, आणि मग दाराशी थांबले.

"बाई, तुम्ही जेवलात का?"

एवढ्या वर्षांत मला त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी फोन हातात धरून उभी राहिले. ते कान देऊन वाट बघत होते, आणि मला एवढंसं 'हो' लिहायला अक्षरं सापडत नव्हती.