उलट्या घणाची तबकडी

भिंग माझ्या रेकॉर्डच्या दुकानात शिरला तोच सुतकी चेहरा घेऊन. भिंग म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. खिशात कायम भिंग असतं, आणि तबकडीवर ओरखडा नसला तरी हा शोधून काढतो. रेकॉर्ड ऐकताना मात्र मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

"अहो, खून चाललाय, खून!" तो म्हणाला. "टाकीमागच्या गल्लीत पडदे शिवणारी एक बाई आहे. उलटा घण लावून बसते! खटारा प्लेअरवर!"

"लावू दे की. रेकॉर्ड लावायलाच असते."

"अहो, अडकते ती! दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात. आणि ही बाई बोटाने ढकलते. बोटाने!"

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. त्याला वाटलं, मलाही त्याच्यासारखाच धक्का बसलाय.

उलटा घण म्हणजे एका हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम. चौघंही दिवसा ओतकामाच्या कारखान्यात राबायचे, म्हणून कव्हरवर घण. पहिल्या खेपेला छापणाऱ्याने मधल्या लेबलावर तो घण खाली डोकं वर पाय असा छापला. दोन-तीनशे प्रती बाहेर पडल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि पुढच्या खेपेपासून तो सरळ झाला. आवाज दोन्हींचा एकच. पण त्या उलट्या घणासाठी चांगली शिकलीसवरलेली माणसं जीव टाकतात. एकाने तर माझ्याशी याच पायी भांडण काढलं आणि अजून रस्त्यात दिसला की तोंड फिरवतो.

आमच्या ताईला यातलं काही माहीत नव्हतं. ती टेलिफोन ऑफिसात चिकटली आणि पहिल्या पगारात तिने ही रेकॉर्ड आणली, का, तर दुकानात सगळ्यात मोठ्याने हीच वाजत होती. बाबांच्या मते ते गाणं नव्हतंच, पत्र्यावर कुणीतरी दगड ओतत होतं. त्यामुळे बाबा कामावरून यायच्या आत आमचा कार्यक्रम उरकायचा. एके दिवशी बाबा लवकर आले. ताईने घाईघाईत सुई ओढली आणि तिसऱ्या गाण्यावर कर्रकन ओरखडा उठला.

तेव्हापासून सुई तिथे अडकायची. ढोलाचे दोन ठोके आणि अर्धी किंकाळी, पुन्हा दोन ठोके, पुन्हा अर्धी किंकाळी. ताई असेल तिथून उठून यायची. केस ओले असोत, तोंडात घास असो, यायची आणि करंगळीने सुई हळूच पुढे सारायची. "चल बाबा, पुढे चल," म्हणायची. मी प्लेअरला खेटून बसलेला असलो तरी हलायचो नाही. "तू ऊठ की रे कधीतरी, आळशोबा!" असं दर वेळी ऐकायचो आणि दर वेळी तीच उठायची.

लग्न होऊन ती लांब गेली. दाजींच्या घरी प्लेअर नव्हता. "सांभाळ हं," म्हणून रेकॉर्ड माझ्याकडे ठेवून गेली. ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवायची, त्यामुळे कव्हरचे चारही कोपरे नव्यासारखे होते. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: हात धुऊन लावणे.

पुढे मी दुकान टाकलं आणि शहाणा झालो. आमच्या धंद्यात एक रीत आहे, तिला आम्ही लग्न लावणं म्हणतो. एकीकडे तबकडी चांगली पण कव्हर फाटकं, दुसरीकडे कव्हर चांगलं पण तबकडी गेलेली, तर चांगल्याची गाठ चांगल्याशी मारायची आणि उरलेली जोडी दाराजवळच्या मोडीच्या खोक्यात टाकायची. एकदा फाटक्या कव्हरात एक कोरीकरकरीत उलट्या घणाची तबकडी माझ्याकडे आली. मी दुसरा विचारसुद्धा केला नाही. ती कोरी तबकडी ताईच्या कव्हरात घातली आणि काचेच्या कपाटात मिरवली. ताईची तबकडी त्या फाटक्या कव्हरात शिरून खोक्यात गेली आणि आठवडाभरात कुणीतरी उचलून नेली. कुणी नेली, हेही मी पाहिलं नाही. पेन्सिलीचं अक्षर तेवढं खोडायचं राहिलं, तेही आळसानेच.

मग ताई आजारी पडली. शेवटी शेवटी तिला फोनवर फार बोलवत नसे. एक दिवस म्हणाली, "आपली ती अजून तिथेच अडकते का रे?"

"अडकते ना."

"मग तू उठतोस का?"

"उठतो की."

ती हसली. तिला बरं वाटलं असावं. दोन्ही उत्तरं खोटी होती. त्यानंतर अकराव्या दिवशी दाजींचा फोन आला, ताई गेल्याचा.

त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत जिथे म्हणून उलटा घण आहे असं कळलं, तिथे गेलो आणि तिसऱ्या गाण्यावर सुई ठेवून पाहिली. सुई न अडकता पुढे गेली की मालकाची छाती फुगायची आणि मी चपला घालायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वाटू दे. मला ताई हवी होती, आणि ती मिळणार नव्हती, म्हणून निदान ती तबकडी हवी होती.

बदल्यात द्यायला कपाटातली प्रत काखोटीला मारून मी टाकीमागच्या गल्लीत गेलो. बाईंची एकच खोली, पडद्यांच्या थप्प्यांत मशीन, मशीनपलीकडे स्टुलावर प्लेअर. कव्हर भिंतीला टेकवलेलं होतं. तेच, मीच गळ्यात मारलेलं, फाटकं.

"तुम्हीपण भिंग आणलंय का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. ऐकायला आलोय."

"मग बसा. या मशीनच्या घरघरीत दुसरं कसलं गाणं ऐकूच येत नाही, म्हणून हे." त्यांनी दुसरी बाजू लावली.

मी प्लेअरला खेटून बसलो. तिसरं गाणं सुरू झालं आणि बरोब्बर त्या जागी अडकलं. दोन ठोके, अर्धी किंकाळी. दोन ठोके, अर्धी किंकाळी. माझे डोळे भरून आले. हात जागचा हलेना. मी दाराकडे बघत बसलो, जणू आता ओल्या केसांनी कुणी आत येणार होतं.

"अहो, जवळ बसलात तर ढकला की!" बाई म्हणाल्या. मग स्वतःच उठल्या. बाकीच्या बोटांना खडू लागला होता, म्हणून करंगळीने सुई सारली.

मी डोळे पुसले, पिशवीतली प्रत काढली आणि म्हटलं, "ही घ्या आणि ती मला द्या. ही कोरी आहे, कुठेही अडकत नाही."

"अडकत नाही?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग मला काय उपयोग? दिवसभर वाकलेली असते मी. ही अडकते म्हणून तरी उठते, तेवढीच कंबर मोकळी होते."

गोड बोलून रेकॉर्ड काढून घेणं हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे. त्यांनाही मी पटवलं असतं. पण तबकडी घरी नेली असती, लावली असती, ती अडकली असती, आणि मी असाच दाराकडे बघत बसलो असतो. माझ्या घरी उठणारं कोण होतं?

मी कोरी तबकडी बाहेर काढून कागदात गुंडाळली आणि नुसतं कव्हर त्यांच्यापुढे धरलं. "मग हे तरी ठेवा. हे हिचंच आहे." भिंगला कळलं तर तो अंथरूण धरेल.

बाईंनी कव्हर उलटसुलट पाहिलं. "हात धुऊन लावणे," त्यांनी वाचलं. "कुणी लिहिलंय?"

"माझ्या ताईने."

त्यांनी खडूने माखलेल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नळावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि तीच बाजू पुन्हा पहिल्यापासून लावली.

तिसरं गाणं अडकलं. बाई मशीनवरून उठायला लागल्या.

"बसा," मी म्हणालो, आणि उठलो.