अर्धा धवला

भामाने दुसरी ओळ उचलली तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली.

पयली हलद गो धरतरीला,
दुसरी हलद गो नवरीला...

भामा रोडपालीची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणजे धवले गाणारी. खाडीकाठच्या गावांत लग्नाला भटजीच्या आधी तिचा गळा लागे. तिचा धवला पुरा झाला की लग्न लागलं, असं तिथली माणसं मानत. आज एका कंपनीच्या कुमार नावाच्या माणसाने तिला जीपमधून पनवेलला आणलं होतं. "लगीन कुनाचा?" तिने विचारलं, तर तो हसून म्हणाला होता, "आमच्या मोठ्या साहेबांचं." म्हणून तिने सकाळपासून उपास धरला. पितळेचा दिवा चिंचेने घासून आणला.

इथे टेबलांवर बाटल्या होत्या. मागच्या पडद्यावर 'वार्षिक स्नेहसंमेलन' लिहिलं होतं. भामाला अक्षरओळख नव्हती. पाटावर मोठे साहेब, मॅनेजर सत्यजीत, गळ्यात टाय आणि कपाळाला मुंडावळ्या बांधून. शेजारी टेलिफोनवर बसणारी रुचिरा, भाड्याच्या पिवळ्या साडीत.

हळद लावायला भामा वाकली.

"मावशी, हे लग्न नाहीये," रुचिरा कुजबुजली. "गंमत चाललीये यांची. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. साहेबांची बायको आहे पुण्याला."

साहेबाचा हात तिच्या कमरेवर होता. तिने तो काढला. तो पुन्हा आला, या वेळी मनगट पिरगळून.

भामा गायची थांबली. सासूने, कृष्णाबाईने, धवले शिकवताना आण घातली होती: "पुरा झाला का गाठ बसली, भामे. ती कोनाला सुटत नाय. आन अर्धा सोडलास, तर परत तोंडात धवला घ्यायचा नाय." एकदा मांडवाला आग लागली, तेव्हाही भामाने उरलेली कडवी अंगणात उभी राहून म्हटली होती.

"काय झालं? कॅसेट अडकली?" सत्यजीत ओरडला. हशा उसळला.

"मी नाय गात."

"कुमार, काय उचलून आणलंयस हे! गा गं म्हातारे!"

"आदी पोरीचा हात सोड."

साहेबाची थप्पड बसली. भामाच्या तोंडात लोखंडाची चव आली, दात जिभेवर सुटा पडला. टेबलं हसतच होती. त्यांना हाही आयटमच वाटला. मग साहेबाने रुचिराला केसांना धरून पुढे ओढलं, आणि भामाने पेटता दिवा उचलला. पितळ कपाळावर वाजलं. तेल, ज्योत आणि रक्त त्याच्या शर्टावर एकदमच सांडलं. मुंडावळ्यांचे मोती फरशीवर सैरावैरा झाले. रुचिरा भटारखान्याच्या दाराने पळाली.

"बळीराम! मार हिला!"

दारावरचा वॉचमन बळीराम रोडपालीचाच. त्याच्या लग्नात भामाच गायली होती.

"भामाय, मला नोकरी हाय गो," तो म्हणाला आणि काठी उगारली. रडत होता; पण काठी हलकी पडली नाही. पहिली खांद्याला, दुसरी बरगडीला, तिसरी गळ्याखाली, जिथून सूर निघतो तिथे.

केस झाली नाही. कपाळाची गोष्ट साहेबालाही सांगायची नव्हती.

बरगड्या सांधल्या. आवाजही परतला, जरा फाटका. माघात लग्नांची बोलावणी आली, तशी भामा एवढंच म्हणे, "माजा अर्धा ऱ्हायलाय."

एका दुपारी वेणू आली, भामाच्याच हाताखाली शिकलेली. उंबऱ्यात घुटमळली.

"काकू, दिवा देशील? माजा गलतो."

"कुनाचा लगीन?"

वेणूने मान खाली घातली. "बळीरामच्या बहिनीचा."

भामाने फळीवरून दिवा काढला. त्याच्या बुडाला त्या दिवशीचा पोचा होता; तांबटाकडे तिने तो नेलाच नव्हता. जमिनीवर ठेवला की एका अंगाला कलायचा. वेणूच्या पदरात तिने मूठभर तांदूळ टाकले.

"बुडाखाली घाल. मंग सरळ उभा ऱ्हातो. आन पयला नवरीला इचार, राजी हाय का. मंगच तोंड उघड."

संध्याकाळी पलीकडच्या आळीतून धवला ऐकू आला. भामा दारात बसून होती. एका कडव्याला वेणू अडखळली. भामाचे ओठ उघडले. तिने पदराचा बोळा दातांत धरला, दात पडला होता त्याच जागी, आणि वेणूला कडवं सापडेपर्यंत तो सोडला नाही.