तेरा पॉइंट आठ

फेरीबोट चालवणाऱ्या तांडेलकाकांनी बोटीचा वायरलेस सेट पिशवीतून काढून टेबलावर ठेवला आणि पिशवीची घडी घालत बसले. चार घड्या झाल्या तेव्हा कुठे बोलले.

“नवे चॅनल भरून दे, पोरी. सकाळच्या फेरीला हवा. बोटीवर दुसरा सेट नाही, आणि धुक्यात याच्याशिवाय बोट सोडू देत नाहीत.”

“भरते,” ती म्हणाली.

बाबा गेल्याला तीन महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यांच्या जागी बसून तिने हातात धरायचे छोटे सेटच भरून दिले होते. त्यांना स्वतःची बॅटरी असते. बोटीच्या सेटला बाहेरून वीज द्यावी लागते, तेरा पॉइंट आठ व्होल्ट, आणि तीही न डगमगणारी. चॅनल भरताना ती मध्येच खचली, तर सेट अर्धवट लिहिलेला राहतो आणि पुन्हा डोळे उघडत नाही.

अशी वीज देणारे सप्लाय घरात दोन होते. नवा हलका, एका हाताने उचलता येणारा; शेवटच्या वर्षी बाबांना जुना हलवेना म्हणून आणलेला. जुना कोपऱ्यात बाबांच्या पंच्याखाली होता, जात्यासारखा जड. तो चालू केला की घुमायचा. लहानपणी तो घूं आवाज आला की घरात कळायचं, बाबा कामाला बसले, आता जेवायला हाक मारायची नाही. तीन महिने तिने त्या पंच्याला हात लावला नव्हता.

तिने नवा पुढे ओढला. पाटीवर वीस अँपियर लिहिलेलं. व्होल्टचा काटा बरोबर तेरा पॉइंट आठवर.

“लाव की मग,” काका म्हणाले. “चॅनल भरायला कितीशी वीज लागते? डासाच्या पोटाएवढी.”

“बाबा आधी दिवा लावून बघायचे.”

खणातून तिने मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब काढला. त्याच्या वायरी बाबांनीच डाख देऊन जोडलेल्या. पाटीवर त्यांचा कधीच विश्वास नसे. ओझ्याविना मोकळा बैल कुणाचाही ताठच चालतो, म्हणायचे.

बल्ब पेटला आणि काटा अकरावर घसरून थरथरू लागला.

“बडा घर, पोकळ वासा,” काका म्हणाले. “माझ्या बोटीची बॅटरी आणू?”

“ती रोज सकाळी दोन शिव्या खाल्ल्याशिवाय जागी होत नाही ना?”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“बाबांनी.”

“चुगलखोर होता तुझा बाप,” काका म्हणाले, आणि पिशवीची घडी मोडून पुन्हा घालू लागले.

तिने पंचा काढला, घडी करून बाजूला ठेवला. जुन्या सप्लायला बल्ब जोडला. बटण दाबलं.

घूं.

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

बल्ब लख्ख पेटला. काटा केसभर हलला आणि उभा राहिला. बाबांच्या नियमाप्रमाणे तिने पूर्ण एक मिनिट त्याच्याकडे पाहिलं. मग बल्ब काढून लाल वायर लालला, काळी काळीला जोडली. आधी सेटमधली जुनी माहिती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि मग नवी भरायला सुरुवात केली.

आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. पडद्यावरचे आकडे काका ओठांतल्या ओठांत वाचत होते. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. सेट क्षणभर विझला. काकांनी पिशवी छातीशी धरली. मग सेटवर चॅनल एक उमटला.

तिने अँटेना लावून दुसऱ्या बोटीला हाक दिली. काटा जागचा हलला नाही.

“ऐकतोय,” पलीकडून आवाज आला. “तांडेलकाका तिथेच बसलेत का गप्पा मारत?”

काकांनी माइक हिसकावला. “बसलोय! सकाळी येतो, मग बघतो तुझ्याकडे.”

सेट पिशवीत घालून काका गेले. तिने सप्लायच्या बटणाकडे हात नेला. आई अजून दारातच होती.

“झालं त्याचं काम?”

“झालं.”

“मग राहू दे जरा चालू,” आई आत वळत म्हणाली. “माझी भांडी व्हायचीत अजून.”