सतराव्या चुंबकावरची खूण

सायबेरियातल्या हिवाळ्यात उजेड घाईने येत नसे. आधी बर्चच्या शेंड्यांवर राखेसारखा फिकट थर बसे, मग तो खोडांवरून सावकाश ओघळत खिडकीच्या काचेवरच्या बर्फापाशी थांबे, आणि बऱ्याच वेळाने टेबलावरच्या चहाच्या पेल्यात तांबूस होऊन उतरे. इग्नात रोज तोवर बसून राही. आज त्याला बसवेना.

कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात त्यांचा झोत जरा ढळला, की त्याला हलकेच ढकलून वाटेवर आणायला एक छोटा चुंबक होता. त्याचा प्रवाह इग्नात दोन महिने गुपचूप वाढवत होता: पाच अँपिअर, सात, नऊ. दहाच्या पुढे सोय नव्हती. तमारा लव्होव्हना दर सोमवारी दुर्बिणीतून पाहून मोठे चुंबक एका रेषेत बसवत, आणि दर मंगळवारी झोत आणखी ढळलेला असे. ‘गोठलेली जमीन फुगते, फरशी उचलली जाते,’ असे तो वहीत लिही. त्याला यंत्रावरचे सगळे काम त्यांनीच हाताला धरून शिकवले होते.

आज दहाही पुरले नाहीत. झोत हरवला.

"फरशी, फरशी!" विभागप्रमुख ग्लेब अर्कादिच खेकसले. "गरोदर आहे का तुझी फरशी, दर आठवड्याला फुगायला? जा, पुन्हा मोजा. आकडे मी स्वतः बघणार, सांग बाईंना."

बोगद्यात तमारा लव्होव्हना दुर्बिणीमागच्या स्टुलावर बसल्या.

"हा ग्लेब इथं आला तेव्हा त्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवतात तेही ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता आकडे बघणार म्हणे! जा पोरा, सतराव्यावर खूण लाव."

चुंबकाच्या माथ्यावर एक चकती बसवायची, आणि तिच्यावरची फुली त्यांनी दुर्बिणीत धरायची, एवढेच काम. इग्नात चुंबकापाशी पोचला. बोटे गारठलेली, चकती खिशातून निघता निघेना. शेवटी निघाली.

"बरोब्बर मध्यावर!" तिकडून आवाज आला. "केसभरही इकडंतिकडं नाही. लिही."

चकती अजून त्याच्या मुठीतच होती.

"लिहिलंस का रे? की उभ्याउभ्या झोपलास?"

"लिहितोय, तमारा लव्होव्हना."

पेन्सिल कागदावर टेकली, पुढे सरकेना. तिकडे त्या दुर्बिणीचा स्क्रू बोटांनी चाचपत शोधत होत्या.

जमीन फुगलेली नव्हती. तमारा लव्होव्हनांना दिसत नव्हते.